बिबट्याचा दिवा आणि लंकाबाईची सावली

त्या सकाळी गेणभाऊंच्या बांधावर एवढी माणसं जमली होती, की ग्रामसभेला त्याच्या निम्मी आली तरी सरपंच पेढे वाटतील. मधोमध पाटावर अंगारेबाबा बसले होते. कपाळभर भस्म, मनगटावर भारी घड्याळ. समोर गेणभाऊंची शेवंती होती आणि तिने सगळ्या बोरी बुद्रुकला चक्रावून टाकलं होतं. एकाच दिवशी लावलेली, एकच खत-पाणी घेतलेली झाडं. निम्मं शेत कळ्यांनी लगडलेलं आणि निम्म्यात दसरा उलटला तरी एक कळी नाही. नुसता हिरवा पाला.

रोपं माझ्या नर्सरीतली. मी मोहिनी. बंगल्यांच्या वाटेकडेला लावायला, गॅलरीतल्या कुंड्यांना आणि फुलं तोडून विकणाऱ्या शेतकऱ्यांना मी वर्षानुवर्षं शेवंती पुरवते. पहिला संशय अर्थातच माझ्यावर आला. पण निम्मी रोपं फुलली होती, म्हणून मला सोडून गावाने बाबाला बोलावलं.

“झाड उपाशी न्हाई,” बाबा डोळे मिटून म्हणाले. “झाड भ्यालंय. निगेटिव्ह एनर्जी हाय हितं.”

लोक बघताहेत ना, हे त्यांनी एक डोळा किलकिला करून तपासलं आणि मग मंतरलेलं लिंबू सोडलं. लिंबू घरंगळत लंकाबाईंच्या दारापाशी जाऊन थांबलं. शेताचा उतार तिकडेच होता. लिंबू काय चढाला लागणार होतं? पण माणसांनी हात जोडले.

बाबांनी गोठ्याच्या दाराकडे बोट केलं. “ही बाई रोज ह्या वाटंनं जाती. हिची सावली पडती तिथं फूल धरत न्हाई. आवसंच्या आत हिनं घर सोडावं.”

लंकाबाई म्हणजे गेणभाऊंच्या थोरल्या, वारलेल्या भावाची बायको. शेताच्या कडेला त्यांच्या दोन खोल्या, तेवढंच त्यांचं घर. माहेर डिंभ्याला, तिथे मागे उरलंय ते बंद घराचं कुलूप. त्या गोठ्याच्या दारात शेणाची पाटी धरून उभ्या होत्या, आणि ज्यांच्या हातचा चहा पिऊन ही माणसं बांधावर आली होती त्यांच्याकडे कुणी मान वळवून बघेना. गेणभाऊ पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. मला असा संताप आला की त्या बाबाचा पाटच ओढावा.

तेवढ्यात लोणीचे सावळेराम साक्ष द्यायला उठले. “माज्या शेवंतीला बी असंच झालं व्हतं. बाबांनी सांगितलं तसं केलं अन् कळ्याच कळ्या.”

“काय काय केलंत?” मी विचारलं.

“चारी कोपऱ्यांत अंगारा टाकला. सासूला तिच्या दुसऱ्या लेकीकडं धाडली. अन् रातचा शेतातला दिवा बंद ठिवला. बाबांच्या देवीला अंधार लागतो ना.”

“दिवा कशाला लावला होता?”

“बिबट्या हाय की राव. गोठ्यावर फोकस लावावाच लागतो.”

मी मान वर केली. गेणभाऊंच्या गोठ्यासमोरही खांब होता, आणि त्यावरचा फोकस सरळ शेवंतीकडे तोंड करून. मी शेतात शिरले. बिनकळ्यांचा भाग खांबापाशी अरुंद होता आणि पुढे सुपासारखा पसरत गेला होता. त्यात मधेच एक पट्टा मात्र कळ्यांनी भरलेला. तो बरोबर पाण्याच्या टाकीमागे होता, जिथे फोकसचा उजेड अडत होता.

“इकडे या सगळे,” मी म्हणाले. “सावली पडते तिथे फूल धरत नाही ना? मग टाकीच्या सावलीत एवढ्या कळ्या कशा?”

माणसं बांध उतरून टाकीपाशी आली.

“शेवंतीला कळी धरायला लांब आणि सलग काळोखी रात्र लागते. पावसाळा सरला की रात्र वाढते, तेव्हा ती फुलते. रात्रभर फोकस मारला तर तिला वाटतं अजून दिवस मोठाच आहे. ती नुसती पाला वाढवत बसते. नर्सरीत मला कलमं हवी असतात, फुलं नको असतात, तेव्हा मी मुद्दाम रात्री बल्ब लावते. बाबांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.”

“ठावं असणारच,” सावळेराम कौतुकाने म्हणाले. “बाबा आधी फुलांच्या पॉलिहाऊसवर कामाला व्हते. फुलांतलं त्यांना लई कळतं.”

बाबांनी सावळेरामांकडे असं बघितलं की अंगाऱ्याशिवायच त्यांची राख व्हावी.

“मग गेणभाऊ, एवढंच करा,” मी म्हणाले. “फोकसला पत्र्याची झापड लावा, उजेड फक्त गोठ्याच्या दारात पडू दे. बिबट्याचीही सोय झाली. आणि लंकाबाई इथेच राहतील. शेवंतीला रोज पाणीही त्याच घालतील.”

“अन् कोप झाला तर?” बाबा ओरडले. “मी जिम्मेदार न्हाई.”

“बाईवर असं बोट दाखवणं हा गुन्हा आहे, बाबा. त्याला कोण जिम्मेदार, ते पोलिसांना विचारू.”

बाबांना दुसऱ्या गावचं निमंत्रण एकाएकी आठवलं.

झापड लागली. लंकाबाई रोज पाणी घालत राहिल्या, सावलीसकट. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी त्या हिरव्या तुकड्यावर पिवळा रंग चढला होता. गेणभाऊंनी पहिली पाटी भरली आणि वहिनींच्या दारात नेऊन ठेवली. मी तिथेच होते.

“चुकलं वहिनी. तुमचा काय दोष नव्हता, आता कळलं.”

लंकाबाईंनी पाटीला हात लावला नाही. “अन् ही फुलं आली नसती तर, भावजी?”

गेणभाऊ उगाच पाटीतली फुलं सारखी करू लागले. तो प्रश्न मलाही लागला. मी दिव्याचं गणित सांगून फुशारले होते, पण त्या टाकीमागे कळ्या नसत्या, मला कारण सापडलं नसतं, तरी ही बाई निर्दोषच होती. झाड का फुलत नाही हे कळलं नाही तर ‘कळत नाही’ म्हणावं, जाणत्याला विचारावं, रोपांच्या दोन ओळींवर प्रयोग करून बघावा. न कळण्याची शिक्षा जवळच्या गरीब माणसाला देऊ नये. एवढं समजायला नर्सरी लागत नाही.

पाटी दारातच होती. लंकाबाई गोठ्याकडे निघून गेल्या.