अठ्ठावीस मीटर

किंजवडेकर सरांनी ती काळी खूण बायकोच्या शिवणाच्या टेपने मोजली होती. टेप दीड मीटरची. अठरा वेळा पुरी लागली आणि वर एक मीटर उरला. दर वेळी टेप संपली की डांबरावर खडूने रेघ मारायची, टेप पुढे सरकवायची, पुन्हा गुडघे टेकायचे. साठी उलटून नऊ वर्षं झालेला माणूस सकाळी साडेसहा वाजता दिंडोशीच्या कॉलनीतल्या रस्त्यावर रांगतोय हे बघून गॅलरीतून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "सर, काय हरवलं?"

हरवला होता तळमजल्यावरचा नंदू परब. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात तो प्रेस मशीनवर होता आणि पहिल्या पाळीला निघाला होता. कमानीतून जीप आत आली. जुनीच गाडी, पण रंगवून, मोठे टायर लावून सजवलेली. ती चालवत होता सर्वेश, कॉलनीला लागून टॉवर बांधणाऱ्या बिल्डरचा पुतण्या. ब्रेकचा आवाज ऐकून सर गॅलरीत आले तेव्हा जीप थांबलेली होती आणि नंदूचा डबा गडगडत गटाराकडे चालला होता. नंदूला रिक्षात घालून नेलं. तो परत आला नाही.

सोसायटीचा कॅमेरा आठवडाभर बंद होता. पाहणारं कुणी नव्हतं. उरली होती ती चाकं घासल्याची खूण, आणि ती वाचता येणारा कॉलनीत एकच माणूस होता. घाटकोपरच्या एका ज्युनियर कॉलेजात सरांनी चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं होतं. ब्रेक दाबल्यावर चाकं घासत जातात, घर्षण गाडीला मागे ओढतं, आणि थांबेपर्यंत गाडी किती लांब गेली ते कळलं की मुळात तिचा वेग किती होता ते काढता येतं. अकरावीचं गणित. सरांनी ते वहीच्या कागदावर सोडवलं. ताशी सत्तर किलोमीटर. कॉलनीच्या कमानीवर वीसची पाटी होती.

तो कागद त्यांनी पोलिसांना दिला. हवालदाराने तो उलटासुलटा बघितला आणि फायलीत लावला.

पुढची दोन वर्षं सुनंदा, म्हणजे नंदूची बायको, त्या कागदाच्या भरवशावर होती. सर्वेशचं म्हणणं होतं की गाडी हळूच होती, नंदूच मोबाईल कानाला लावून अचानक आडवा आला. कॉलनीतही हळूहळू लोक तसंच बोलायला लागले. टॉवर झाला की कॉलनीतल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचं काम तोच बिल्डर घेणार होता ना! "परब घाईतच असायचा," असं म्हणणारे चार जण झाले, मग दहा. सुनंदाचा मुलगा सिद्धेश एकदा गणपतीच्या मांडवात कुणाच्या तरी अंगावर धावून गेला, तेव्हापासून त्याचं तिथं जाणं बंद झालं.

कोर्टात सरांची साक्ष होती, त्याच्या आदल्या संध्याकाळी सुनंदा वर त्यांच्या घरी आली.

"मास्तरांनू, माका दुसरा काय एक नको. तुमी जां मोजलास तां सांगा. तेंची चूक नव्हती इतक्यांच कोर्टान म्हणूक व्हया."

"सांगतो हो," सर म्हणाले. "म्हणजे, मला जेवढं ठाऊक आहे तेवढं."

ती गेल्यावर सरांच्या बायको शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, "जेवढं ठाऊक आहे तेवढं काय? सत्तर म्हणजे सत्तर. घसा साफ करून सांगा आणि गप्प बसा. तुमची पुढची शेपटं नकोत."

"शेपटं" हा त्यांचा शब्द. सर कुठलंही वाक्य पुरं करत नसत. 'भाजी छान झाली' म्हटल्यावर 'म्हणजे मला तरी वाटली' हे यायचंच. मुलीला स्थळ आलं तेव्हा 'मुलगा चांगला आहे, अर्थात अर्ध्या तासात काय कळणार' असं ते पाहुण्यांसमोर म्हणाले होते. वर्गात मात्र हाच स्वभाव शिस्त म्हणून खपला. प्रयोगवहीत उत्तरापुढे अधिक-उणे लिहून त्रुटी किती ते मांडलं नाही, तर सर वही परत फेकायचे. "मोजणारा चुकतोच," ते म्हणायचे. "किती चुकू शकतो हे जो सांगत नाही तो थापा मारतो." आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचा आवाज चढत असे.

कोर्टाच्या व्हरांड्यात काळ्या कोटातला एक तरुण वाकला आणि त्यांच्या पायाला हात लावला.

"सर, ओळखलंत? अनय. एकोणीस वर्षं झाली. माझी लंबकाची वही तुम्ही तीनदा फेकली होती."

"अरे! वकील झालास?" सरांना खरंच आनंद झाला. "कुणाकडून आहेस?"

अनयने नजर खाली नेली. "समोरच्या बाजूने, सर."

सरकारी वकील दीप्ती मॅडमनी सरांकडून सगळं नीट वदवून घेतलं. टेप, खडू, अठ्ठावीस मीटर, सत्तर. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मागच्या बाकावर सुनंदा पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. मग अनय उठला.

"सर, घर्षण गुणांक किती घेतलात?"

"शून्य पूर्णांक सात."

"मोजलात?"

"नाही. कोरड्या डांबरी रस्त्यासाठी साधारण तेवढा धरतात."

"कोरड्या." अनय थांबला. "त्या दिवशी रस्ता कोरडा होता?"

सरांना ती सकाळ दिसली. मार्चअखेर, पाण्याची बोंब, पहाटे टँकर येऊन गेलेला. त्याच्या नळातून पाणी गळायचंच. "मधे मधे ओला असू शकेल," ते म्हणाले.

"असू शकेल, की होता?"

"होता. थोडा."

"ओल्या रस्त्यावर हा आकडा तेवढाच राहतो?"

"नाही. कमी होतो."

"मग सत्तर हे उत्तर बरोबर आहे असं तुम्ही शपथेवर सांगाल?"

दीप्ती मॅडम अर्धवट उठल्या आणि बसल्या. सरांनी चष्मा काढला, पुसला. खरं तेच सांगायचं होतं. खरं काय, तर सत्तर बरोबर नव्हतं. "नाही," ते म्हणाले. "तसं नक्की म्हणता येणार नाही."

"तुमच्या कागदावर त्रुटी किती ते लिहिलेलं नाही, सर."

कोर्टात कुणाला या वाक्याचा अर्थ कळला नसेल. सरांना कळला. चौतीस वर्षांत असंख्य पोरांना त्यांनी जी शरम वाटायला लावली होती ती परत येऊन त्यांच्याच कानांत तापली. टेपने मोजत होते तेव्हा नंदूचा डबा अजून गटाराशी पडलेला होता, आणि त्रुटी लिहायचं राहून गेलं होतं.

"चूक झाली," ते म्हणाले.

अनयने मान लववली आणि तो खाली बसला. दीप्ती मॅडमनी पुन्हा विचारलं, "सर, रस्ता ओला धरला तर वेग किती येतो?" सर मनात आकडे जुळवू लागले. घर्षण चार दशांश धरायचं, गुणिले दोन, गुणिले नऊ पूर्णांक आठ, गुणिले अठ्ठावीस, मग वर्गमूळ. वर्गमूळाशी गाडी अडली. कागद-पेन्सिल मागावी असं वाटलं, पण जीभ उचलली नाही. सगळे बघत होते. उगाच तोंडाने काढलेला आकडा चुकला तर?

"आत्ता सांगता येणार नाही."

"अजून काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्यांनी समन्सच्या पाठीवर गणित केलं. दोन थांबेसुद्धा लागले नाहीत. सेकंदाला चौदा पूर्णांक आठ मीटर, म्हणजे ताशी त्रेपन्न किलोमीटर. सबंध रस्ता ओलाचिंब धरला तरी त्रेपन्न. वीसच्या पाटीखाली त्रेपन्न. म्हणजे सत्तर चुकलं तरी सर्वेश सुटत नव्हता. त्रुटीला दोन टोकं असतात आणि खालचं टोक हेसुद्धा उत्तरच असतं, हे ते स्वतः फळ्यावर लिहीत आले होते. अनयनेही तिथूनच उतरवून घेतलं असणार. त्याला खालचं टोक ठाऊक होतं, म्हणून त्याने ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते दीप्ती मॅडमना भेटले. त्या म्हणाल्या, "काल का नाही बोललात, सर? मी विचारलं होतं ना. अर्ज करून बघते, पण आता ते म्हणणार, साक्षीदाराला घरी बसून पढवलं." अर्ज झाला. नामंजूर झाला. अडीच महिन्यांनी सर्वेश सुटला.

निकालाची प्रत घेऊन सुनंदा वर आली. इंग्रजी होती, म्हणून वाचून घ्यायला. सरांनी वाचून दाखवलं. वेग शास्त्रीय पद्धतीने सिद्ध झालेला नाही. मयत इसमाने अचानक रस्ता ओलांडला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

"म्हणजे तेंचीच चूक," सुनंदा म्हणाली.

"तसं नाही लिहिलेलं. शक्यता नाकारता येत नाही म्हणजे..."

"कॉलनीत लोक तां बारीक नाय वाचणत, मास्तरांनू."

शर्मिष्ठाबाई चहा ठेवून आत गेल्या. साक्षीच्या दिवसापासून नवऱ्याशी त्या कामापुरतंच बोलत होत्या. सरांना राहवलं नाही. त्यांनी खणातून समन्स काढलं, उलटं करून टेबलावर ठेवलं आणि तिला सगळं समजावलं. टँकरचं पाणी, घर्षण, वर्गमूळ. इतकं सरळ त्यांनी वर्गातही कधी शिकवलं नव्हतं. सुनंदा आकड्याकडे बघत राहिली.

"ह्यां थंय कित्याक नाय सांगलास?"

सर कागदाची दुमडलेली कडा बोटाने सरळ करू लागले. तिनेही फार वाट पाहिली नाही. बोट आकड्यावर ठेवून तिने विचारलं, "त्रेपन. ह्याच्या खाली येवचा नाय?"

"नाही."

"नक्की?"

एवढंच तिला हवं होतं. कोर्टाने दिलं नव्हतं, कॉलनी देणार नव्हती. सिद्धेशला सांगायला तिला कुणा जाणत्या माणसाचा एक शब्द हवा होता. सरांना ते स्वच्छ दिसत होतं. त्यांनी तोंड उघडलं. आणि रस्त्यावर पाण्यासोबत जीपचंच थोडं तेल सांडलेलं असतं तर घर्षण आणखी किती घटलं असतं, हा विचार मधे येऊन उभा राहिला.

ते दोन-तीन सेकंदच थांबले असतील.

सुनंदाने बोट उचललं. निकालाची प्रत घडी करून पिशवीत टाकली. समन्स तिथेच राहू दिलं.

"च्याय नको," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

"नक्की," सर दाराकडे बघून म्हणाले. आतून शर्मिष्ठाबाईंनी भांडं आपटलं.