हात मी धरला हुता

उलथनं मीच तापवलं. खोटं कशाला बोलू? गॅसवर धरलं, लाल हुईस्तवर धरलं, आन् वर पोराला म्हनलं, "बेतानं रं."

पोरगा माझा मानसिंग, मिलिटरीत हवालदार, म्हैन्याच्या सुट्टीवर आलेला. पोरगी क्रांती, सव्वीस वर्सांची, सांगलीत मोबाइलच्या दुकानात कामाला हुती. तिथं एका जयराजच्या नादी लागली. मी सांगितलं, भावानं फोनवरनं सांगितलं, ह्यो मानूस धड न्हाई. ऐकलं न्हाई. उलट त्याचं नाव हातावर गोंदून आली, काळी ठळक चार अक्षरं. दीड वर्सानं त्या मुडद्यानं फलटनची पोरगी केली आन् हिचा फोन उचलायचा बंद झाला. क्रांती घरी आली. म्हैनाभर धड जेवली न्हाई.

त्या दिवशी चार वाजता तिला बघाय पाव्हनं येनार हुतं. मी म्हनलं, "लांब बाहीचं घाल."

"न्हाई," ती म्हनली. "इचारलं तर सांगीन. चूक झालीया माझी, चोरी न्हाई केली."

मानसिंगनं तिच्या कानफटात अशी दिली की ती मांडनीवर जाऊन पडली. ताटं खाली आली. तिचा ओठ फाटला. ती उठली, तर दुसरी दिली. मग केसाला धरून तिला ओट्यापर्यंत फरफटत आनली आन् मला म्हनला, "आये, उलथनं तापव. आज ह्ये नावच ठिवत न्हाई."

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. जाईल एकदाची पीडा, म्हनलं. पाव्हन्यांस्नी सांगू, भाकरी करताना भाजलं.

"धर तिचा हात," मानसिंग म्हनला. मी धरला. दोनी हातांनी, कोपराखाली, गच्च.

उलथनं टेकलं. चर्र झालं. शेवटचा ज करपला आन् घरभर वास सुटला. पोरगी वरडली न्हाई. माझ्या मनगटाकडं बघत हुती. दात चावून म्हनली, "आये, तुझ्या हातावरचं कवा जाळनार?"

माझ्या मनगटावर हिरवं गोंदन हाय. गुंडा. माझ्या नवऱ्याचं नाव. लगीन झालं तवा मी पंधराची. पैल्याच जत्रंत सासूनं मला गोंदनारनीम्होरं बसवलं. तवा मला वाचाय येत नव्हतं, बाईनं काय लिवलं त्येबी ठावं नव्हतं. हात सासूनं धरला हुता. असाच, कोपराखाली, गच्च. त्या मानसानं मला तीस वर्सं मारलं. म्होरलं दोन दात पाडलं, एकदा विळा घिऊन मळाभर मागं लागला. मेला तवा मी रडली, लोकं बघत हुती म्हनून. पर ह्या नावाला आजपातुर कुनी चूक म्हनलं न्हाई.

मी क्रांतीचा हात सोडला. माझा ओट्यावर ठिवला, नाव वर करून.

"मान्या, आधी ह्ये जाळ."

"आये, डोकं फिरलंय काय तुझं?"

"जाळ म्हनते न्हवं."

"आन्नांचं नाव हाय त्ये."

"आन् कातडं कुनाचं हाय?"

भनीला डागताना ज्याचा हात हलला न्हाई, त्यो बापाच्या नावाला भ्याला. मग त्यानं तेच केलं जे बाप करायचा. माझ्या पोटात लाथ घातली. मी भितीवर आदळली, तोंडात रगात आलं. लय वर्सांनी आलं.

त्याच्या हातनं उलथनं खाली पडलं हुतं. मी उचललं आन् त्याच्या उजव्या हातावर दाबलं. पार बोटांपर्यंत दाबून धरलं. त्यो बोंबलत मोरीकडं पळाला. माझ्याच पोटचं पोर. मला वाईट वाटलं, आजबी वाटतं. पर दाबलं त्ये दाबलं.

चार वाजता पाव्हनं आलं. भावाच्या हाताला पट्टी, भनीचा ओठ सुजलेला, मी कंबरंत वाकून चालतीया. ती समदी टेकली न टेकली तोच उठली. "येतो, बनुबाई. फोन करतो," म्हनली आन् च्या न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी क्रांती सांगलीला निघाली. रातीच फोनवरनं काम बघितलं हुतं, खोलीबी. हाताला मलम लावलेलं. तीन अक्षरं शाबूत हुती.

स्टँडवर मी म्हनलं, "परत कुनी तसलाच भेटला म्हंजी?"

"भेटंलबी. रडाय तुझ्याकडंच यीन," ती म्हनली. "पर आये, ह्येच्या फुडं माझा हात धरायचा न्हाईस."

"बरं," म्हनलं. मला माफ केलंस का, असं इचारायचं हुतं. धीर झाला न्हाई.

एस्टी आली. बॅग जड हुती. भाजलेल्या हातानं तिला उचलंना. माझा हात फुडं गेला, तसा मी मागं घेतला. तिनं दुसऱ्या हातानं वढत वढत बॅग वर नेली आन् खिडकीपाशी जाऊन बसली.