फोनवर कुंडलिक, ईमेलवर साहेब

घोडेगावच्या घोडकाठ भाजीपाला कंपनीच्या ऑफिसात फोन वाजला की उचलायच्या आधी सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायचे. पलीकडं चेअरमन साहेब असतील, का कुंडलिक?

कुंडलिक कंपनीचा टेम्पो चालवायचा. पंचेचाळिशी उलटली तरी त्याच्या अंगातली खोडी काही गेली नव्हती. क्रेट उतरवता उतरवता तो कुणाचाही आवाज काढायचा, आणि चेअरमन सुदर्शनदादांचा तर असा काढायचा की खुद्द दादांच्या आईनं एकदा त्याला फोनवर ‘जेवलास का रं’ म्हणून विचारलं होतं. आधी दादांसारखं खाकरायचं, मग ‘हां, ऐका जरा’ म्हणायचं, की झालं.

एकदा याच आवाजात त्यानं संचालक संपतअण्णांना फोन लावला. मोठे पाव्हणे येतायत, फेटा बांधून हार घेऊन फाट्यावर उभे राहा. अण्णा भर दुपारच्या उन्हात उभे राहिले. आला तो कुंडलिकचा टेम्पो, आणि त्यातून खाली उतरली एक म्हैस. हार सुकायच्या आत घालून टाका, असा सल्लाही त्यानं वर दिला.

लोकं पोट धरून हसली. अण्णा हसले नाहीत. पुढच्याच बैठकीत त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि ठराव करून घेतला, की इथून पुढं मालाचा असो का पैशाचा, कुठलाच हुकूम फोनवरून पाळायचा नाही. ईमेल आला तरच तो खरा. तसा कागद भिंतीवर लागला. पोरं त्या कागदाला म्हणायची, फोनवर कुंडलिक, ईमेलवर साहेब. कुंडलिक छाती फुगवून सांगत सुटला, की आपल्यामुळं कंपनीला शिस्त लागली.

ही शिस्त सगळ्यात काटेकोर पाळायची ती कल्याणी. कंपनीचा हिशेब आणि बँकेचं काम तिच्याकडं होतं. बौद्ध वस्तीतल्या भागुजींची ही मुलगी, वस्तीतनं ऑफिसच्या खुर्चीवर बसलेली पहिलीच. दुसऱ्या कुणाची चूक झाली की ती चूक असते, आपली झाली की ती ‘त्यांच्यातल्यांची’ ठरते, हे तिला कुणी शिकवायला लागलं नव्हतं. म्हणून ती प्रत्येक आकडा पुन्हा तपासायची आणि भिंतीवरच्या कागदाच्या बाहेर पाऊल टाकायची नाही. कुंडलिकनं दादांच्या आवाजात तिलाही एकदा गंडवलं होतं. तेव्हा ती हसली होती, पण तोंडदेखलं.

त्या वर्षी कंपनीचं शीतगृह उभं राहायचं होतं. बाजार पडला की टोमॅटो रस्त्यावर ओतायची पाळी येते, ती येऊ नये म्हणून शेतकरी सभासदांनी पोटाला चिमटा घेऊन पैसा जमवला होता. ऑफिसच्या मागं काँक्रीटचा चौथरा ओतून झाला होता. यंत्र बसवायचे बोल्ट त्यातून वर आलेले होते. आता यंत्र तेवढं यायचं राहिलं होतं.

अशात एका सकाळी ईमेल आला. वर सुदर्शनदादांचं नाव, बाजूला त्यांचा फोटो. आत लिहिलेलं, की यंत्रवाल्यांचं बँकखातं बदललंय, नवं खातं खाली दिलंय, सगळी रक्कम आजच पाठवा, नाहीतर यंत्र दुसरीकडं जाईल. मी बैठकीत आहे, फोन करू नका.

दादा त्या दिवशी कामानं मढ गावाला गेले होते. कुंडलिक टेम्पो घेऊन नारायणगावच्या बाजारात होता. कल्याणीनं ईमेल वाचला, पुन्हा वाचला. फोन करावा असं मनात आलं. पण फोन करू नका असं साहेबच म्हणत होते, आणि फोनवरचं खरं धरू नका असं भिंत म्हणत होती. तिनं नवं खातं जोडलं.

खातं जोडल्याचा बँकेचा मेसेज मढला दादांच्या मोबाईलवर पडला. त्यांनी तर कुणाला असं काही सांगितलंच नव्हतं. फोन लावेपर्यंत बॅटरीनं मान टाकली, म्हणून त्यांनी समोरच्या हॉटेलवाल्याचा मोबाईल ओढून घेतला आणि ऑफिसला लावला. घाईत आधी खाकरले. मग म्हणाले, “हां, ऐका जरा. ते पैसे थांबव.”

अनोळखी नंबर. तेच खाकरणं. कल्याणी म्हणाली, “कुंडलिकभाऊ, आज तरी नको. खूप काम आहे.” आणि तिनं फोन ठेवला.

दादांनी पुन्हा लावला. ओरडले, शिव्या घातल्या. दादा कधी शिव्या देत नाहीत, तेव्हा तर तिची खात्रीच पटली. तिनं तो नंबर ब्लॉक केला आणि पैसे पाठवून दिले.

कुंडलिक बाजारातून परतला तर ऑफिसच्या दारात गर्दी. त्याला वाटलं, आपल्याला सोडून कुणीतरी जबरी गंमत केली. हसतच तो आत शिरला. दादा डोक्याला हात लावून बसले होते, अण्णा उभे होते. कल्याणी सरळ त्याच्यासमोर आली.

“भाऊ, मगाशी मला फोन केलावता का तुम्ही?”

“न्हाई बा.”

“दादांच्या आवाजात?”

“आज न्हाई गं. टेम्पोच चालवत व्हतो की.”

कल्याणी जिथं होती तिथंच जमिनीवर बसली. कुंडलिकच्या तोंडावरचं हसू कुठं ठेवावं ते त्यालाच कळेना.

त्यात आणखी एक घोडचूक झाली. असं काही घडलं की पहिलं काम १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला फोन करायचं आणि बँकेला कळवायचं. इथं संध्याकाळपर्यंत भांडण चाललं ते चूक कुणाची यावर. तक्रार गेली तोवर पैसे या खात्यातून त्या खात्यात, तिथून आणखी कुठं, पार पांगले होते. बँकेतल्या माणसानं नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी चावडीपासून चहाच्या टपरीपर्यंत एकच विषय. फसली म्हणणारे थोडे, आणि सामील असणार म्हणणारे फार. संपतअण्णा तर ऑफिसातच बोलले, “एवढ्या पैशावर त्यांच्यातलीला बसवायचंच कशाला? तिला सगळं म्हाईत व्हतं.” दादांनी मान खाली घातली, पण अण्णांना गप्प केलं नाही. कुंडलिकही तिथंच होता. त्यानंही केलं नाही.

दुपारी भागुजी आले. कधी ऑफिसची पायरी न चढलेला माणूस. आत न येता दारातच उभे राहिले. हात जोडले नाहीत की आवाज चढवला नाही.

“चला,” म्हणाले. “माझ्या घराची झडती घ्या. भांडीकुंडी, गाद्या-गोधड्या, सगळं उलटं करा. तिची आई दार उघडून बसलीय.”

कुणी हललं नाही. भागुजी लेकीला घेऊन निघून गेले. कल्याणी त्यानंतर कामावर आली नाही.

कुंडलिकला अन्न गोड लागेना. बायकोजवळ, मोहिनीजवळ, तो म्हणाला, “माझं चुकलं गं. मी आवाज काढलेच नसते तर पोरीनं दादांचं ऐकलं असतं.”

मोहिनी ऐकून घेणारी बाई नव्हती. भाकरी थापता थापता म्हणाली, “तुमचं चुकलंच. पण नुसतं तुमचं न्हाई. आवाजाची नक्कल व्हते हे समद्यांना कळलं. मग नावाची व्हत न्हाई, हे कुणी ठरवलं? भिंतीवर कागद लावला कुणी? त्या अण्णांनी. अन् दोष कुणाला? पोरीला.”

“ईमेलवर नाव दादांचंच व्हतं. फोटो बी.”

“अवं, नाव काय, कुणी बी सांगतं. दारात माणूस आला तर आपुन काय करतो? पावणं कुठलं, कुणाच्यातलं, मामाचं गाव कंचं? आपल्या पोरीला स्थळ आलं तवा तुमी काय केलंत? त्यांनी सांगितलं ते ऐकलं, का त्यांच्या गावात जाऊन पिठाच्या गिरणीवर चवकशी केली?”

“गिरणीवर केली.”

“का?”

“त्यांच्या तोंडून ते चांगलंच सांगणार की.”

“मग त्या ईमेलची चवकशी कंच्या गिरणीवर केली?” मोहिनीनं भाकरी तव्यावर टाकली. “पोरीला कुणी शिकवलं न्हाई, अन् शिकवणाऱ्यांना बी येत न्हाई. त्या अण्णांना असला ईमेल येऊ द्या, मंग बघू.”

कुंडलिकचा घास हातातच राहिला. कितीतरी दिवसांनी त्याच्या डोळ्यांत जुनी चमक आली. पण ती पूर्वीसारखी हसरी नव्हती.

त्यानं आपल्याच मोबाईलवर नवं ईमेल खातं उघडलं. नाव विचारलं, तिथं सुदर्शनदादांचं टाकलं. फोटो दादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा लावला. कुणी पुरावा मागितला नाही, साधं ‘तू कुणाच्यातला’ एवढंही विचारलं नाही. दादा सोडून सगळ्या संचालकांना त्यानं ईमेल धाडला, की पैशाच्या प्रकरणाची तातडीची गुप्त बैठक, उद्या दुपारी, गावाबाहेरच्या बंद वीटभट्टीवर. आधार आणि पॅनकार्डाची सही केलेली झेरॉक्स आणा. मी प्रवासात आहे, फोन करू नका.

सगळे आले. भट्टीवर ना झाड ना सावली. इस्त्रीचे कपडे घातलेली वजनदार माणसं राखेत उभी राहून घाम पुसत होती, प्रत्येकाच्या हातात कागद. संपतअण्णा सगळ्यांच्या आधी येऊन थांबलेले.

कुंडलिक टेम्पोतून उतरला. म्हणाला, साहेबांनी कागद गोळा करायला सांगितलंय. सगळ्यांनी देऊन टाकले. अण्णांनी तर घडी सरळ करून दिली.

मग कुंडलिक खाकरला. दादांच्या आवाजात म्हणाला, “हां, ऐका जरा.”

अण्णांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. “कुंडलिक, तुला जिता सोडत न्हाई मी.”

“नका सोडू,” कुंडलिक आपल्या आवाजात बोलला. “पन आदी सांगा. तुमच्यातल्या एकानं तरी दादांना इचारलं? ईमेलमधल्या नावावर बोट ठेवलं असतं तर खाली पत्ता दिसला असता, दादांचा न्हवं, भलताच. कुणी दाबून बघितलं? पैसे गेल्याला अजून महिना झाला न्हाई, अन् तुमी सही करून कागद माझ्या हातात दिलं. आता तुमाला बी सामील म्हणायचं का? का ते फक्त तिलाच?”

दोघातिघांनी मोबाईल काढून त्या ईमेलमधल्या नावावर आत्ता बोट दाबून बघितलं.

“पोरीनं फोन कापला तो माझ्या पापानं. अन् ईमेलवर इश्वास ठेवला तो तुमच्या कागदामुळं. तिचं सोताचं यात काय व्हतं, सांगा.”

त्यानं प्रत्येकाची झेरॉक्स ज्याची त्याला परत दिली. अण्णांनी आपली घेतली आणि फाडली. “भागुजीकडं कोण कोण येतंय?” एवढंच म्हणाले आणि आपणहून टेम्पोत चढले. ज्या टेम्पोतून म्हैस उतरली होती, त्यातच. वाटेत दादांनाही घेतलं.

भागुजींच्या घरी कल्याणी दारात आली. अण्णांनी माफी मागितली, दादांनी मागितली. कुंडलिकला मागताच येईना. कल्याणीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं.

“येईन मी कामावर,” ती म्हणाली. “पण पैसे परत यायचे नाहीत. आणि बाबा त्या दिवशी दारात काय बोलले, तेही परत घेता यायचं नाही. हे दोन्ही लक्षात ठेवा.”

भागुजी आत बसले होते. ते बाहेर आले नाहीत.

पैसे खरंच परत आले नाहीत. चौथऱ्यावरचे बोल्ट गंजून लाल झाले. त्या वर्षी बाजार पडला तेव्हा त्याच चौथऱ्याशेजारी टोमॅटोचे ढीग कुजले आणि त्याचा वास ऑफिसात येत राहिला.

भिंतीवरचा जुना कागद कल्याणीनं स्वतः फाडला. आता पैशाचा ईमेल आला की ती आधी नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता बघते. पत्ता बरोबर असला तरी, आपल्याकडं आधीपासून असलेल्या नंबरावर स्वतः फोन करते. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरावर कधीच नाही. ‘फोन करू नका’ असं लिहिलेलं असेल, तर हमखास करते. याला ऑफिसात म्हणतात, गिरणीवर जाऊन येणं.

परवा टेम्पो घाटात बंद पडला. कुंडलिकनं ऑफिसला फोन लावला, अगदी आपल्या आवाजात. कल्याणी म्हणाली, “ठेवा भाऊ, मी करते.” तो तापलेल्या बोनेटला टेकून थांबला. पूर्वी त्याला याचा राग आला असता. तिचा फोन आला तेव्हा त्यानं दुसऱ्या कुणाचा आवाज काढला नाही. आता तो काढतच नाही.

तर बाबांनो आणि बायांनो, नाव कुणालाही लावता येतं, फोटो कुणालाही चिकटवता येतो, आवाज तर कुंडलिकलाही काढता येतो. दारातल्या पाव्हण्याला तुम्ही त्याचं गाव विचारता, मग ईमेलमधनं आलेल्याला का नाही? जो घाई करतो आणि विचारू नको म्हणतो, त्याला सगळ्यात आधी विचारा. आणि आपल्यातलं कुणी फसलंच, तर लगेच १९३०ला फोन लावा. बोट दाखवायचं नंतर बघू. पैसा गेला तर पुन्हा जमवता येईल. पण बाप दारात उभा राहून ‘झडती घ्या’ म्हणाला, तर ते कुठल्या बँकेतून परत आणाल?