सत्यभामेच्या मापाचा बाक

मित्रांनो, नांदूरघाटच्या अलीकडे एका वस्तीशाळेत, दुसरीच्या वर्गात मी आहे. मी लिंबाच्या लाकडाचा एक जुना, ठेंगणा बाक.

दुष्काळात शाळेपुढचा लिंब वाळला. त्याच लाकडातून सिदू सुताराने मला घडवले. तोवर मुले तरटावर बसून, पाटीवर वाकून लिहीत. आमच्या शिक्षिका रुक्मिणीबाई यांना ते पाहवत नसे. त्यांनी एका मुलीला माझ्यावर बसवून पाहिले. तिचे पाय जमिनीला टेकले, पाठीला आधार मिळाला, तेव्हाच बाई म्हणाल्या, "सिदू, आता ठोक खिळे."

ती मुलगी सत्यभामा. लिहिताना ती पुटपुटत असे आणि अक्षर चांगले आले की माझ्या लिहायच्या फळीवर थाप मारी.

दिवाळी सरली की तिचे आईवडील साखर कारखान्याच्या ऊसतोडीला जात. ती आजीजवळ राही. पण आजी वारली आणि सत्यभामाही मजुरांच्या टोळीबरोबर गेली. गावात प्यायला पाणी नव्हते, म्हणून हंगाम संपूनही ते कुटुंब परतले नाही. माझ्यावर दुसरी मुले बसू लागली. तरी दारात सावली पडली की मला वाटे, तीच आली!

काही वर्षांनी ती आली तेव्हा ताडमाड वाढली होती. शिक्षण मात्र दुसरीतच अडले होते. धावत येऊन ती माझ्यावर बसली आणि तिचे गुडघे फळीखाली अडकले. पोरे खदखदून हसली. काही दिवस तिने तिरके बसून, कंबर मोडून लिहिले. मग एकदा दप्तर उचलले.

"बाई, मी उद्यापासून येनार न्हाई."

"कावून गं?"

"पाठ लई दुखती. अन् ह्या बारक्यांत मी मावत न्हाई."

मित्रांनो, मला हात असते तर मी तिचे दप्तर धरून ठेवले असते.

त्याच सुमारास कारखान्याचे संचालक मोहनराव शाळेला नवे बाक देणार होते. नमुन्याचा उंच, चकचकीत बाक घेऊन ते आले. सगळे बाक त्याच मापाचे घ्यायचे होते. बाईंनी पहिलीतल्या एका पोराला त्यावर बसवले. त्याचे पाय लोंबकळू लागले. मग त्यांनी मोहनरावांना माझ्यावर बसायला सांगितले.

"आवं बाई, गुडघे हनुवटीला लागायलेत की!"

"सत्यभामा रोज अशीच बसती, साहेब. सगळ्यांना एकच माप कसं चालंल?"

मोहनराव उठले, कंबर चोळत हसले. नंतर बाक आले ते लहान, मधले, मोठे अशा मापांचे. एक मोठा बाक मुद्दाम दुसरीच्या वर्गात, भिंतीला लागून ठेवला. सत्यभामा तिथे ताठ बसली आणि शाळेत टिकली.

आता माझ्यावर दुसरीच मुलगी बसते. मित्रांनो, बाक निवडताना आधी त्यावर बसणाऱ्या लेकराकडे पाहा, मग त्याच्या रंगाकडे. लेकरू वाढले की त्याला मोठा बाक द्या. आमच्यासारख्यांना वाईट वाटेल, पण वाटू द्या. मागच्या भिंतीपाशी सत्यभामा पुटपुटत लिहिते. मला मागे वळून पाहता येत नाही. मी नुसता ऐकत राहतो.