प्रवासातले बंधू अबेलिनो

“कॉलरला एवढी खळ? मान वळायची नाही माझी,” फिलिबेर्तो कुरकुरला.

“बरंच की. पुढच्या बाकावर कॅप्टन बसणार आहे, तिकडे बघायलाच नको,” मी त्याची गुंडी लावत म्हटलं.

माझा नवरा आठवडाभर खाणकामगारांचे बूट शिवतो आणि रविवारी उपदेश करतो. इतका भित्रा पाळक साऱ्या चिलीत सापडायचा नाही. लष्कराचं राज्य आल्यापासून बायबलच्या प्रकटीकरणातल्या त्या जुलमी पशूचं त्याने नावसुद्धा काढलेलं नाही. त्यातून आज सरकारसाठी आभारप्रार्थना. तसं वरून पत्रच आलं होतं.

दर रविवारी तो मंडळीपुढे तीन याद्या वाचतो: आजारी, शोकाकुल, प्रवासी. आमचा मॅन्डोलिनवाला, युनियनवाला बंधू अबेलिनो तीन वर्षं प्रवाशांत होता. त्याला भरल्या ताटावरून उठवून नेलं. कोणी, ते गावात कुणी बोलत नाही. आजारी म्हणावं तर खोटं, गेला म्हणावं तर त्याची बायको ओतिलिया ऐकून घेणार नाही. म्हणून प्रवासी.

तेवढ्यात ओतिलियाच दारात आली. फडक्यात गरम पाव.

“पास्टर, आज यांचं नाव नका वाचू. उगाच तुमच्या मागे लागतील.”

“बघतो, भगिनी.”

“एका रविवारानं काय होतंय? योना तीन दिवसांत माशाच्या पोटातून आला. आमच्या माणसाला पहिल्यापासून उशिराचीच सवय.” हसता हसता तिने पाव माझ्या हातात कोंबला आणि वळली.

सभेत कॅप्टन टोपी मांडीवर घेऊन बसला होता. आभारप्रार्थना झाली. “देवाला गौरव” आम्ही रीतीप्रमाणे तीनदा म्हटलं, पण एरवीसारखं छप्पर काही हललं नाही. मग याद्या. आजारी झाले, शोकाकुल झाले. प्रवाशांत एकच नाव, लेकीच्या बाळंतपणाला गेलेली रोसाल्बा. फिलिबेर्तोने कागदाची घडी घातली. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याची मला लाज वाटली. ओतिलिया मान खाली घालून बसली होती.

फिलिबेर्तो मात्र तिथेच उभा. त्याने मी लावलेली गुंडी काढली.

“आणि बंधू अबेलिनो,” तो म्हणाला. “तो प्रवासात नाही. तीन वर्षं मी देवासमोर खोटं वाचतोय. त्याला शिपायांनी नेलं.”