हेंग एकदाच विचारतो

चहा घेणार का, असं विचारल्यावर लगेच ‘हो’ म्हणणारा माणूस स्मिताच्या माहेरी जरा अर्धवटच समजला जाई. ठाण्याला नौपाड्यात त्यांच्या घरची रीतच तशी होती. पहिल्यांदा विचारलं की ‘नको, आत्ताच झाला’ म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की ‘कशाला उगाच त्रास’. आणि तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, अगदी अर्धा’ म्हणून कपभर प्यायचा. यजमानाला हे ठाऊक, पाहुण्याला ठाऊक. आधण तर पहिल्या ‘नको’लाच चढलेलं असायचं. स्मिता याच वळणात वाढून चव्वेचाळीस वर्षांची झाली. मुलगा पसंत आहे का, असं वडिलांनी विचारलं तेव्हाही ती ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाली होती. खरं तर अभय तिला फोटोतच आवडला होता. वडिलांनी तीनदा विचारलं म्हणून लग्न झालं.

हेंगनं मात्र एकदाच विचारलं, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

हेंग म्हणजे सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट किनाऱ्यावर विंडसर्फिंगचे बोर्ड भाड्यानं देणारा साठीचा चिनी गृहस्थ. लहानथोर सगळे त्याला ‘अंकल हेंग’ म्हणत. सुरूच्या झाडांखाली त्याची पत्र्याची शेड होती. आत बोर्ड एकावर एक रचलेले, वर शिडांच्या गुंडाळ्या, आणि मधोमध झोपायचा एक कापडी झोळणा टांगलेला. त्या झोळण्यात बहुतेक वेळ अंकल हेंग स्वतः असे.

स्मिता तिथं कामाला लागली तीही स्वतःच्या तोंडानं नाही. २००३ साल होतं. सार्सची साथ ओसरली होती आणि महिनोन् महिने घरात कोंडलेली माणसं किनाऱ्यावर गर्दी करत होती. एका रविवारी अभय, स्मिता आणि तेरा वर्षांची आर्या बुकित तिमाहच्या घरून सायकली चालवायला ईस्ट कोस्टला आली होती. शेडवर ‘मदतनीस हवा’ अशी पाटी होती. स्मिता ती जरा जास्तच वेळ वाचत उभी राहिली. ठाण्यात तिनं बारा वर्षं बँकेत नोकरी केली होती; सिंगापुरात अभयच्या नोकरीच्या पासवर आल्यापासून कॉन्डोतल्या फ्लॅटच्या खिडकीतून पोहण्याचा तलाव बघत होती. हेंगनं झोळण्यातूनच विचारलं, “उद्यापासून येशील?”

“नाही हो, मला कुठलं जमणार,” अशा अर्थाचं इंग्रजी स्मिता जुळवत होती, तेवढ्यात आर्या तिथल्या बोलीत बोलून मोकळी झाली. “कॅन लाह! शी कॅन!”

परवानगीचे सोपस्कार झाले आणि स्मिता कामावर हजर झाली. अगदी पहिल्याच सकाळी हेंगनं एक रुंद, निळा बोर्ड पाण्याकडे ढकलत तिला विचारलं, “यू वॉन्ट टु ट्राय?”

स्मिताला मनातून फार जायचं होतं. लहानपणी पोहायला शिकायची संधी आली तेव्हा तिनं ‘नको, दादाला जाऊ दे’ म्हटलं होतं, आणि दादा खरंच गेला होता. तेव्हापासून पाणी म्हटलं की तिचा जीव त्यात अडकलेला. पुढे कॉन्डोच्या तलावात ती चाळिशीनंतर पोहायला शिकली खरी, पण पाय टेकतील तिथंच. आणि इथं समोर समुद्र, लांबवर रांगेत उभी जहाजं, आणि एक माणूस आपणहून बोर्ड पुढे करतोय.

“नो, नो,” स्मिता गोड हसून म्हणाली. “इट्स ओके.”

“ओके,” हेंग म्हणाला, आणि बोर्ड घेऊन स्वतःच गेला.

स्मिता दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत उभी राहिली. त्या दिवशी त्यानं विचारलं नाही. तिला वाटलं, असेल कामात. दुसऱ्या दिवशीही विचारलं नाही. आठवड्यानं तिला वाटलं, विसरला असेल. महिन्यानं वाटलं, जरा शिष्टच दिसतोय.

बाकी जागा मात्र तिला फार मानवली. बँकेत साडेदहाचा ठोका चुकला की लाल शेरा मारणारे साहेब तिनं पाहिले होते. इथं शेड उघडायची वेळ वाऱ्यावर ठरे. वारा पडला की सगळे आडवे. सुरूचे शेंडे हलायला लागले की सगळे उठत, आणि शहरातून गाड्या यायला लागत. वारा चांगला सुटला की त्या दिवशी ऑफिसांमधली बरीच माणसं अचानक आजारी पडत, आणि खुद्द त्यांना आजारपणाचे दाखले देणारा नोव्हेना भागातला एक डॉक्टरही शिडाखाली हजर असे. कुणी कुणाला ‘तुम्ही काय करता’ असं विचारत नसे. स्मिताच्या चपला दुसऱ्याच आठवड्यात टेबलाखाली गेल्या त्या संध्याकाळपर्यंत निघत नसत. भाड्याचे पैसे घ्यायचे, गिऱ्हाइकांना जाकिटं बांधायची, ओली शिडं वाळत घालायची. मजेत होती बाई.

फक्त पाण्यात जायचं तेवढं राहून गेलं होतं.

मागायचं तर नव्हतं. मागणं म्हणजे हावरटपणा. मग तिनं आडून आडून सुरू केलं. “आज पाणी किती छान आहे, नाही?”

“या. नाइस,” हेंग म्हणाला.

“शिकायला फार कठीण असेल नाही हे?”

“नॉट डिफिकल्ट.”

यापुढे माणसानं आणखी किती सांगायचं? एकदा तर ती निळ्या बोर्डवर फडकं फिरवत अर्धा तास उभी राहिली. पोहायचा नवा पोशाख आणून तिनं पिशवीत ठेवला होता. तो रोज बसनं यायचा आणि रोज कोरडाच परत जायचा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ना, तसं चाललं होतं. पण हेंगला ना ताक दिसत होतं, ना भांडं.

याच्या उलट, पाहुणचारात स्मितानं काही कमी ठेवलं नव्हतं. ती रोज डबा न्यायची. कधी पोहे, कधी शिरा, आणि बऱ्याचदा साबुदाण्याची खिचडी. हेंगपुढे डबा धरला की तो म्हणायचा, “नो, थँक यू.”

स्मिताला कोण कौतुक वाटायचं. “अहो, किती मर्यादशील माणूस आहे,” ती अभयला सांगायची. “पटकन हात पुढे करत नाही. अगदी आपल्यासारखा.” मग ती दुसऱ्यांदा विचारायची, तिसऱ्यांदा विचारायची, आणि तो काही बोलायच्या आत कागदी बशीत दोन मोठे डाव वाढून त्याच्या झोळण्यापाशी ठेवायची. हेंग बशीकडे बघायचा, समुद्राकडे बघायचा, आणि खायचा.

डिसेंबरात वारा बदलला, जोरात वाहू लागला, आणि पुण्याची प्रणिता आली. चोआ चू कांगला मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहणारी, नुकतीच एम्प्लॉयमेंट पासवर आलेली इंजिनियर पोरगी. नुसती बघायला म्हणून आली होती. हेंगनं तिलाही विचारलं, “यू वॉन्ट टु ट्राय?”

“हो, चालेल की!” म्हणाली, आणि केसांना रबर लावत गेलीसुद्धा.

स्मिता बघतच राहिली. एकदा विचारल्यावर! कुणी वळण लावलंय की नाही पोरीला? तासाभरानं प्रणिता नखशिखान्त भिजून, खिदळत बाहेर आली. “काकू, कसलं भारी आहे हे! तुम्ही तर रोजच जात असाल ना?”

“छे ग, मला काय करायचंय त्या पाण्यात,” स्मिता म्हणाली आणि शेडमागे जाऊन उगाचच वाळलेली शिडं पुन्हा वाळत घालू लागली. तिला रडू येत होतं. या वयात, असल्या कारणासाठी रडू यावं याची लाज वाटत होती, आणि तरी येत होतं.

मार्चच्या सुरुवातीला अभय ऑफिसातून लवकर आला आणि बूट न काढताच सोफ्यावर बसला. कंपनीनं त्याला मुंबईला परत बोलावलं होतं. महिनाअखेर गाशा गुंडाळायचा.

आर्या आधी रडली, मग मैत्रिणींना फोन करायला आत गेली. स्मिताच्या डोळ्यांपुढे मात्र तो निळा बोर्ड होता. आठ महिने समुद्रापासून वीस पावलांवर बसून आपण आता पाय न भिजवताच परत जाणार, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

“असं अचानक कसं हो?” शेवटी तिनं विचारलं. “तुम्हाला काही विचारलं तरी होतं का?”

अभय बुटांच्या नाड्यांकडे बघत म्हणाला, “विचारलं होतं. जानेवारीत साहेब म्हणाला, अजून दोन वर्षं राहायला आवडेल का.”

“मग? तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, कंपनी ठरवेल तसं.”

“अहो पण राहायचं होतं ना आपल्याला?”

“होतं की!” अभय कळवळून म्हणाला. “पण असं एकदम हो कसं म्हणायचं? मला वाटलं, पुन्हा विचारेल.”

स्मितानं नवऱ्याकडे पाहिलं. सतरा वर्षांच्या संसारात तिला त्याचा इतका राग कधी आला नव्हता, आणि त्याची इतकी कीवही कधी आली नव्हती. भीड भिकेची बहीण, असं तिची आजी म्हणायची; स्वतः मात्र जन्मभर तिसऱ्या आग्रहाशिवाय आजीनं लाडू उचलला नव्हता. मग स्मिताला हसू यायला लागलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि अभयला वाटलं, हिला धक्का बसला.

“मीही तेच केलंय,” ती म्हणाली, आणि तिनं त्याला हेंगची सगळी गोष्ट सांगितली.

आर्या दारात उभी राहून ऐकत होती. “आई, जस्ट आस्क हिम लाह. सो सिंपल.”

“असं तोंड वर करून मागायचं?”

“हाउ एल्स टु आस्क?” आर्यानं विचारलं. खाली तोंड करून मागायची काही पद्धत आहे का, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मिता पोशाख अंगात घालूनच बसमध्ये चढली, वरून सलवार-कमीज. म्हणजे माघार घ्यायला जागा नको. किनाऱ्यावर वारा मंद होता. हेंग झोळण्यात होता. स्मिता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“अंकल हेंग,” ती इंग्रजीत म्हणाली, “मला बोर्डवर जायचंय. आज. आत्ता.”

हेंगनं एक डोळा उघडला. “तुला पाणी आवडत नाही ना? पहिल्या दिवशी मी विचारलं. तू नो म्हणालीस.”

“मी नो म्हटलं. पण मला नो म्हणायचं नव्हतं.”

आता दोन्ही डोळे उघडले. “देन से नो फॉर व्हॉट?”

नौपाड्यात हा प्रश्न कुणी कुणाला विचारलाच नव्हता. स्मिता स्टुलावर बसली आणि तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. आमच्याकडे पहिला नकार मोजत नाहीत. दुसराही नाही. तिसऱ्यांदा विचारलं की मग माणूस खरं सांगतो. हेंग झोळण्यात उठून बसला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं.

“म्हणजे ते खाणं,” तो म्हणाला. “रोज मी नो म्हणतो. रोज तू वाढतेस.”

“हो मग! मला ठाऊक आहे ना, तुम्ही संकोचानं नको म्हणता.”

“नो,” हेंग म्हणाला. “आय रिअली डोन्ट वॉन्ट.”

“काय?”

“ते पांढरे, चिकट मणी. दातांना चिकटतात. आठ महिने.” त्यानं खालचे दात काढून दाखवले. कवळी होती.

स्मिताचा चेहरा लाल झाला. “मग खाल्लंत कशाला?”

“यू पुट ऑलरेडी,” हेंग म्हणाला. वाढलेलं अन्न टाकायचं कसं, हे त्यालाही त्याच्या आईनं शिकवलं होतं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग हेंगच्या पोटातून हसू फुटलं, झोळणा गदागदा हलायला लागला, आणि स्मितानं तोंडाला ओढणी लावली ती लावलीच. हसू आवरल्यावर हेंगनं कवळी तोंडात बसवली, उठला आणि निळा बोर्ड पाण्याकडे ढकलायला लागला. त्यानं काही विचारलं नाही. आता तिनंच सांगितलं होतं.

पाणी कोमट होतं आणि बोर्ड गुळगुळीत. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हेंग सांगत होता, गुडघे वाकव, दोरी ओढ, हातानं नाही, अंगाच्या वजनानं. स्मितानं दोरी ओढली, शीड अर्धं वर आलं, आणि ती मागच्या मागे धपकन पाण्यात पडली. नाकातोंडात खारं पाणी गेलं. पुन्हा चढली, पुन्हा पडली. एकदा शीडच तिच्यावर पडलं. किनाऱ्यावर नोव्हेनाच्या डॉक्टरानं मान वर करून पाहिलं आणि परत झोपला. पडण्याची मोजदाद तिनं सोडून दिली. गुडघा सोलला, तळहात हुळहुळले, केसांत वाळू गेली.

आणि मग एकदा दोरी ओढताना शीड पाण्यातून सुटून वर आलं, आणि खाली पडलं नाही. दोन्ही हात आडव्या दांडीवर गेले. वाऱ्यानं शीड भरलं आणि बोर्ड सरकायला लागला. पायाखालून पाणी जात होतं, पुढे जहाजं होती, आणि स्मिता उभी होती. तिच्या तोंडून एक मोठी किंकाळी निघाली. तशी ती लहानपणानंतर कधी किंचाळली नव्हती.

“इनफ?” मागून हेंग ओरडला. “कम बॅक?”

“नो!” स्मिता ओरडली.

हेंगनं मान हलवली आणि तो पाणी तुडवत किनाऱ्याकडे चालू लागला. दुसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही, आणि जन्मात पहिल्यांदाच स्मिताला ते बरं वाटलं.