कुंताबाईची सवत

मी बापूजीचा डोंगा. बोलायला बसलोय खरा, पण आधीच सांगून ठेवतो, माझ्या बोलण्यात जळकेपणा येईल. येणारच. उगाच साधुपणाचा आव आणायचा माझा स्वभाव नाही. वैनगंगेच्या काठावर, ब्रह्मपुरीकडच्या अंगाला, मी महिनाभर रेतीत पडून होतो आणि रोज सकाळी एक बाई माझ्या मालकाशी दहा पावलांवर बसून गोडगोड बोलत होती. अशा वेळी जळायचं नाही तर काय करायचं, तुम्हीच सांगा.

माझा जन्म नदीपलीकडचा, गडचिरोलीकडच्या जंगलातला. वादळात एक जुनं मोहाचं झाड पडलं होतं. लच्छू सुतारानं दीड महिना वासल्यानं त्याचं खोड पोखरलं, आतून जाळलं, खरवडलं, आणि मी तयार झालो, चौदा हात लांब. बापूजी तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. मासे धरणाऱ्या धिवराचं पोर, अंगानं सडपातळ. त्यानं मला पाण्यात लोटलं, आत पाय ठेवला, काठावरून हात फिरवला आणि म्हणाला, "सिधा चालजो गा." बस, एवढंच. मी तेवढ्यावर छत्तीस वर्षं काढली.

ही फागुनातली गोष्ट. कुंता लग्न होऊन या घरात आली वैशाखात. म्हणजे मी तिच्यापेक्षा दोन महिने आधीचा. हे मी मुद्दाम सांगतोय. लोक सोयीनं विसरतात.

आमची खरी वेळ पहाटेची. संध्याकाळी टाकलेलं जाळं पहाटे ओढायचं. आमच्या काठावरून पूर्व समोर पडते. आधी पाणी, मग पलीकडची रेती, मग जंगलाची काळी पट्टी, आणि तिच्या मागून सूर्य. तो यायच्या बेतात आला की बापूजी हातातला बांबू आडवा ठेवायचा, ओंजळीत पाणी घ्यायचा आणि बघत राहायचा. पूर्ण गोळा वर आला की ओंजळ सोडायचा आणि म्हणायचा, "निंगला." कुणाला सांगायचा तो? तिथे दुसरं होतंच कोण? मलाच की.

त्यातही आश्विन-कार्तिकातल्या सकाळी मला फार आवडतात. पुराचं गढूळ पाणी निवळतं, तळाची रेती दिसायला लागते. काठाला कासगवत फुलून पांढरं होतं. पाण्यावर धुई उतरते आणि ऊन आलं की उठून जाते. सूर्य एका जागी उगवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? पोळ्याच्या सुमाराला तो पलीकडच्या मोबाईल टॉवरच्या डावीकडून येतो. रोज थोडाथोडा उजवीकडे सरकतो. दसऱ्याला बरोबर टॉवरच्या मागे असतो आणि दिवाळीत पार सावरीच्या झाडापाशी. हे मला आणि बापूजीला ठाऊक होतं. कुंताला नव्हतं. ती त्या वेळी चुलीपुढे असायची, नाहीतर मासळीचं टोपलं धूत असायची.

शिवाय त्यांच्या घरात एक रीत होती. बाईनं डोंग्यात पाय ठेवायचा नाही, हातही लावायचा नाही. बापूजीच्या बापानं घालून दिलेली. त्यामुळे मी तिला फक्त लांबून दिसायचो. शेजारच्या रुखमाबाईला ती म्हणायची, "माही सवत हाये ते. पाहाटंचा उठला का तिच्याकडे. मी उठलो का निजलो, इचारत नाई हा माणूस." मला आपलं बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, छाती फुगायची माझी.

यंदा हे सगळं उलटं झालं.

बापूजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डाव्यानं तर दोन वर्षांपासून दिसत नव्हतं. पाऊस सरता सरता शिबिरात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावून पाठवलं. पाचव्या दिवशी पहाटे बापूजी गपचूप उठून माझ्याकडे आला. मी नेलं त्याला. डोंगा कधी नाही म्हणतो का? आणि मनातून मी खूशच होतो. जाळं ओढताना पाण्याचा फटकारा थेट त्या डोळ्यावर बसला.

संध्याकाळपर्यंत डोळा टोमॅटोसारखा सुजला. पुन्हा डॉक्टर, पुन्हा औषधं. आता डोळ्यावर जाड पट्टी बांधली, महिना-दीड महिन्यासाठी. "आणखी एकदा पाणी लागलं तर हा डोळा गेला समजा," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कुंता त्या दिवशी काठावर आली आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "तूच नेला त्याले," ती म्हणाली. खरं होतं ते.

आता एक शब्द सांगावा लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. लाकडाचा डोंगा काही दिवस वापरायचा नसला की त्यात दगड भरून त्याला उथळ पाण्यात बुडवून ठेवतात. वर राहिला तर ऊन त्याला फाडतं. पण 'बुडवला' हा शब्द धिवराच्या तोंडी कसा यावा? म्हणून आमच्याकडे म्हणतात, डोंगा निजवला.

बापूजीचा मुलगा हेमराज मला निजवायलाच आला होता. पण वरच्या पावसानं पाणी अजून जोरात होतं, वाहून जाईन म्हणून त्यानं चार मित्रांच्या मदतीनं मला वर रेतीत ओढलं. त्याला बायकोला घेऊन वरोऱ्याकडे सोयाबीनच्या कापणीला जायचं होतं, जीप उभी होती. "पाणी उतरलं का येऊन निजवतो, आठ दिवसाचं काम हाये," तो आईला म्हणाला. आणि बापाला काय सांगितलं? "डोंगा निजवला, बाबा. आता तुमी पाण्याकडे जायाचं नाई." पट्टी बांधलेला बाप, त्याला काय दिसतंय? त्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून कुंता त्याला पहाटे हाताला धरून काठावर आणायला लागली. घरात त्याला करमेना. एक लाल प्लास्टिकची खुर्ची आली. माझ्यावर बसणारा माणूस खुर्चीवर बसला. मी मागे, दहा पावलांवर.

"निंगला का?" त्यानं विचारलं.

"निंगते," कुंता म्हणाली.

"कसा हाये?"

"कसा असते? लाल."

"लाल म्हंजे कसा लाल?"

कुंतानं डोळे बारीक करून पाहिलं. तिनं हे कधी पाहिलंच नव्हतं ना. मग म्हणाली, "चुलीतल्या निखाऱ्यावरची राख फुकली का जसा दिसते, तसा."

बापूजी हसला. मला आतून किडे लागल्यासारखं झालं. अहो, छत्तीस वर्षं तो मला सांगत आला, निंगला. आणि आता तो हिला विचारतो?

पुढे तर कहरच. ती शिकत गेली. "आज धुई हाये, दिसतच नाई. नुसतं भगोण्यात दूध तापायले ठेवल्यासारखं उजेडून राह्यलं." दुसऱ्या दिवशी, "अजी, तो टावरच्या मागं आला. काल इकडे होता." बापूजी म्हणाला, "सरकते तो. दिवाळीले सावरीपाशी जाईन." आमचं गुपित त्यानं तिला सांगून टाकलं. एका सकाळी चक्रवाकाची जोडी पाण्यावर उतरली, तीही तिनंच त्याला सांगितली. कॉलेजची पोरं माझ्यावर बसून फोटो काढून जायची, त्यांना मी चालत होतो. ज्याला मी हवा होतो, त्याला मी इथे आहे हेच ठाऊक नव्हतं.

एकदा त्यानं विचारलं, "डोंगा निजला हाये नं बराबर?"

"हव," कुंता म्हणाली.

मी तिथेच होतो. मला वाटलं, हिला मी मेलेलाच हवाय. सवत मेली की संसार हिचा.

तोवर आश्विनातलं ऊन तापायला लागलं होतं. सकाळी दव, दुपारी भाजून काढणारं ऊन. एके दुपारी माझ्या पुढच्या अंगाला टक्क असा आवाज झाला. उभी चीर गेली. आठ दिवसांत त्यात बोट जाईल एवढी झाली. ती तळापर्यंत पोचली की मी संपलो. डोंग्याला ठिगळ लावता येतं, दोन तुकडे झालेला डोंगा जोडता येत नाही.

त्यानंतर कुंता दुपारची यायला लागली, एकटी. दोन गुंड, म्हणजे दोन घागरी, पाणी ओतायची. ओली पोती लांबूनच माझ्यावर टाकायची, हात लागू न देता. "मले तुया लाड आला नाई," ती मला म्हणाली. "सांगतलं त तो धावत येईन, पाण्यात शिरन, डोळा जाईन. नाई सांगतलं त तू जाशीन. आन तू गेला त डोळा बरा होऊन तो पाह्यन काय?" हेमराजला फोन केला होता तिनं. "येतो, अजून चार दिवस," एवढंच उत्तर. गावातले पुरुष धान कापायला गेलेले.

तुम्ही म्हणाल, आता तरी याचं मन वळलं असेल. नाही वळलं. मला वाटलं, दया दाखवते मेली. जळणाऱ्याला पाणी ओतणाराही आवडत नाही.

मग ती सकाळ आली. आभाळ स्वच्छ, धुई नाही. सूर्य वर आला आणि उन्हाची एक तिरीप माझ्या चिरेतून आरपार जाऊन रेतीवर पडली. चीर तळाशी पोचायला चार बोटं उरली होती. कुंता सांगता सांगता मागे वळली आणि गप्प झाली.

"काऊन गप्प झाली? निंगला का?"

"निंगला."

"कुठी हाये?"

"डोंग्याच्या चिरेतून आरपार चालला," ती म्हणाली.

तिच्या तोंडून निसटलं, असं रुखमाबाई पुढे म्हणाली. मला नाही तसं वाटत. महिनाभर दिसेल ते खरं सांगायची सवय लागली होती तिला. त्या सकाळी तिला खोटं जमलं नाही.

बापूजी उठला. हात पुढे करून चाचपडत माझ्यापर्यंत आला. काठ सापडला, मग चीर सापडली. त्याचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. बराच वेळ ते तिथेच होतं. मग त्यानं धोतर खोचलं.

"बाजू हो. लोटतो मी."

"डोळा जाईन तुमचा."

"गेला त गेला."

हेच तर मला हवं होतं. छत्तीस वर्षं, आणि हा महिनाभर तर क्षणोक्षणी. त्यानं तिच्यासमोर मला निवडलं होतं. पण कुंतानं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ती रडत होती. "छत्तीस साल याले देल्ले," ती म्हणाली, "मी काई म्हटलं नाई. डोळा देऊ नोका जी. मले एकदा पाहा तरी, म्हातारी झालो मी."

मला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, नको रे बाबा, लोटू नको. पण डोंग्याला नको म्हणता येत नाही. फाटायचं असेल तर आत्ता फाटावं, असंही मनात आलं.

बापूजीचा हात सैल पडला. "मंग लोटन कोन?" तो म्हणाला. "गावात मानूस नाई."

"बाया हायेत," कुंता म्हणाली.

 बापाची रीत मोडायची म्हणजे त्याला अवघडच. मग त्यानं चाचपडत तिचा हात धरला आणि स्वतःच माझ्या काठावर ठेवला. "लाव," म्हणाला.

रुखमाबाई आली, पलीकडच्या घरातली साधना आली, आणखी तिघी आल्या. लुगडी खोचून लागल्या. रेतीवरून पाण्यापर्यंत मला नेता नेता सूर्य डोक्यावर आला. दर दोन हातांवर थांबायच्या, धापा टाकायच्या, एकमेकींना हसायच्या. कुंता सगळ्यात पुढे होती, चिरेपाशी. टोपली उचलून घट्टे पडलेले हात तिचे. चीर आणखी फाकू नये म्हणून ती दोन्ही बाजूंनी दाबून धरत होती.

पाण्यात नेल्यावर दगड भरायला ती माझ्या आत चढली. हलकी आहे हो ती. बापूजीच्या निम्मी. एकेक दगड ती वाकून ठेवत होती आणि पाणी माझ्या आत चढत होतं.

काठावरून बापूजीनं विचारलं, "निजला का व?"

कुंतानं माझ्याकडे पाहिलं. "नाई," ती म्हणाली. "अजून तुमच्याकडे पाहून राह्यला."

मग तिनं शेवटचा दगड ठेवला.

आता मी कमरेइतक्या पाण्याखाली आहे. लाकूड फुगतंय, चीर मिटत आलीय. उरलेल्या फटीत हेमराज येऊन डांबर भरेल. सूर्य इथून दिसत नाही, वरचं पाणी नुसतं उजळतं. काठावरचं बोलणं मात्र रोज सकाळी ऐकू येतं. काल ती म्हणत होती, तो सावरीपाशी पोचला म्हणून. पट्टी चार दिवसांनी सुटणार आहे.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या सकाळी काठावर असलं तर एवढं करा. पट्टी सुटली की बापूजीचं तोंड आधी कुंताकडे वळवा. सूर्य नंतर. मी त्याच्याही नंतर. तिसरा नंबर मला चालेल. जळेन, पण चालेल.